अलास्का : एका दूध कंपनीच्या बास्केटबॉल संघाची ३५ वर्षे आणि त्याची विक्री

१६ फेब्रुवारी २०२२ रोजी अलास्का मिल्क कॉर्पोरेशनने जाहीर केले की, चालू हंगामातील गव्हर्नर्स कप संपला की कंपनीचा बास्केटबॉल संघ फिलिपाइन्स बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे पीबीए, या व्यावसायिक लीगमधून बाहेर पडेल. संघाने लीगमध्ये ३५ वर्षे काढली होती, १४ विजेतेपदे मिळवली होती आणि एका हंगामातल्या तिन्ही स्पर्धा जिंकण्याचा, म्हणजे ग्रँड स्लॅमचा, मानही त्याच्या नावावर होता. लीगच्या इतिहासात हा मान मोजक्याच संघांना मिळाला आहे. संघ दिवाळखोरीत निघाला नव्हता, त्याच्यावर कसली बंदी आली नव्हती आणि घोषणेच्या दिवशीही तो स्पर्धेत खेळतच होता. महिनाभरातच, मार्च २०२२ मध्ये, त्याची लीगमधील जागा कन्व्हर्ज या इंटरनेट कंपनीने विकत घेतल्याचे जाहीर झाले. एवढा जुना आणि यशस्वी संघ इतक्या शांतपणे कसा संपतो, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझ्या मते अलास्काला मोठे करणारी आणि अखेर संपवणारी गोष्ट एकच होती. ती म्हणजे संघाची मालकी.

पीबीएची रचना लक्षात घेतल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. ९ एप्रिल १९७५ रोजी केसोन सिटीतील क्युबाओ भागातल्या अरानेटा कोलिझियममध्ये सुरू झालेली ही आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग आहे आणि तिच्या नऊ संस्थापक संघांपैकी प्रत्येक संघ कोणत्या ना कोणत्या कंपनीचा होता. आजही तेच चालते. लॉस एंजेलिसचा किंवा बोस्टनचा संघ असतो तसा येथे मनिलाचा किंवा सेबूचा संघ नसतो. संघाच्या नावात बिअर, जिन, हॉटडॉग, रंग, पेट्रोल किंवा दूरध्वनी सेवा असते आणि कंपनीला विक्री वाढवायची असेल ते उत्पादन बदलले की संघाचे नावही मध्येच बदलते. सामने बहुतांशी मनिला महानगरातील दोन-तीन मोठ्या सभागृहांत होतात. कोणत्याही संघाला स्वतःचे घरचे मैदान नसते. वर्षाला साधारणतः तीन स्पर्धा होतात आणि त्यांना तेथे कॉन्फरन्स म्हणतात. एका स्पर्धेत फक्त फिलिपिनो खेळाडू असतात. उरलेल्या दोन स्पर्धांत प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घेता येतो, त्याला सरळ ‘इम्पोर्ट’ म्हणतात आणि त्याच्या उंचीवर अनेकदा मर्यादा घातलेली असते.

शहर नसल्यामुळे संघाचा खरा ठेवा म्हणजे लीगच्या संचालक मंडळातील त्याची जागा. ती विकता येते, मात्र त्यासाठी इतर मालकांची मान्यता लागते. सत्तरच्या दशकात लीग ज्यांनी गाजवली त्या क्रिस्पा आणि टोयोटा या दोन संघांच्या जागाही ऐंशीच्या दशकाच्या मध्यात अशाच विकल्या गेल्या. क्रिस्पाची जागा शेल या तेल कंपनीने घेतली. मुंबईत महिंद्र युनायटेडचा फुटबॉल संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला, ती घटना ज्यांना आठवते त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. तेथे संघ नुसता मिटला आणि येथे त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळते, एवढाच काय तो फरक.

अलास्का १९८६ मध्ये लीगमध्ये आला. आटवलेल्या आणि गोड घट्ट दुधाच्या डब्यांमुळे हे नाव फिलिपाइन्समधल्या घराघरांत आधीच पोचलेले होते आणि कंपनी उयतेंगसू कुटुंबाची होती. सुरुवातीची वर्षे फारशी सांगण्यासारखी नाहीत. मध्यंतरी काही काळ संघ हिल्स ब्रदर्स या कॉफीच्या नावाने खेळला आणि पुन्हा दुधाकडे परतला. कलाटणी मिळाली ती १९८९ मध्ये. कंपनीची सूत्रे हाती घेत असलेल्या विल्फ्रेड (फ्रेड) उयतेंगसू यांनी त्या वर्षी टिम कोन यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. कोन अमेरिकेत जन्मलेले, पण लहानपणापासून फिलिपाइन्समध्ये वाढलेले गृहस्थ. पीबीएच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणात ते समालोचन करीत. वय जेमतेम एकतीस. व्यावसायिक संघ चालवण्याचा अनुभव शून्य. अशा माणसाच्या हाती संघ देणारा मालक एक तर बेफिकीर असतो किंवा त्याला दीर्घकाळ थांबायची तयारी असते. उयतेंगसू दुसऱ्या प्रकारचे होते. ते स्वतः जलतरणपटू होते, पुढे ट्रायथलॉनच्या वेडाने त्यांनी फिलिपाइन्समध्ये आयर्नमॅन स्पर्धाही आणल्या, आणि सरावाची फळे उशिरा लागतात हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

फळे खरोखरच उशिरा लागली. १९९० च्या तिसऱ्या कॉन्फरन्समध्ये अलास्का अंतिम फेरीत पोचला, पाच सामन्यांच्या मालिकेत पहिले दोन सामने जिंकला आणि पुढचे तिन्ही सामने प्युअरफूड्सकडून हरला. अशा पराभवानंतर प्रशिक्षक बदलणे ही पीबीएमध्ये नेहमीची गोष्ट होती. अलास्काने तो बदलला नाही आणि पुढच्याच वर्षी, १९९१ च्या तिसऱ्या कॉन्फरन्समध्ये, संघाने पहिले विजेतेपद मिळवले. कोन यांच्या हाती हा संघ २०११ पर्यंत राहिला. म्हणजे एकाच माणसाकडे सलग बावीस वर्षे, आणि तेही अशा लीगमध्ये जिथे प्रशिक्षकाला दोन हंगाम मिळाले तरी तो नशीबवान ठरे. १४ पैकी १३ विजेतेपदे त्यांच्या कारकिर्दीतली आहेत.

याच १९८९ मध्ये अलास्काकडे शॉन चेंबर्स हा अमेरिकन इम्पोर्ट आला. इम्पोर्ट म्हणजे तीन महिने यायचे, सामन्याला चाळीसेक गुण करायचे, पैसे घेऊन परत जायचे, अशी तेव्हाची रीत होती. जेमतेम सहा फूट एक इंच उंचीचा चेंबर्स उंचीच्या मर्यादेत सहज बसे, पण अलास्काने त्याला वर्षामागून वर्षे परत बोलावले याचे कारण निराळे होते. तो स्थानिक खेळाडूंसारखाच सराव करी, बचावात तेवढेच अंग झिजवी आणि चेंडू आपल्याकडेच राहावा असा हट्ट कधी धरत नसे. संघाचे ब्रीद ‘वी, नॉट मी’, म्हणजे ‘मी नव्हे, आपण’, असे होते. अशी ब्रीदवाक्ये बहुतेक कंपन्यांच्या भिंतींवर टांगलेली असतात. येथे परदेशी खेळाडूसुद्धा तसा वागत होता, ही दखल घेण्याजोगी बाब आहे.

ब्रीदामागे खेळाची एक पद्धतही होती. कोन यांनी शिकागो बुल्स वापरत असलेली ट्रँगल ऑफेन्स, म्हणजे त्रिकोणी चढाई, अलास्कात रुजवली. तिचे एक साधे आवर्तन असे : पाच फूट सात इंचांचा गार्ड जॉनी अबारिएन्तोस चेंडू पुढे आणतो, तो बाजूला उभ्या जोजो लास्तिमोसाकडे देतो आणि स्वतः धावत त्याच बाजूच्या कोपऱ्यात जातो. बास्केटजवळ, तिच्याकडे पाठ करून बाँग हॉकिन्स किंवा पोच हुइनियो उभा असतो. आता कोपरा, बाजू आणि बास्केट यांचा त्रिकोण झाला. लास्तिमोसा चेंडू आत देतो आणि बचाव करणारे काय करतात ते सगळे मिळून पाहतात. दोघे जण आतल्या खेळाडूवर तुटून पडले तर कोपऱ्यातला अबारिएन्तोस मोकळा, कोणीच आले नाही तर आतला खेळाडू वळून फेक करतो, आणि बाजूचा बचावपटू नुसता मान वळवून चेंडूकडे पाहू लागला तरी लास्तिमोसा त्याच्या पाठीमागून बास्केटकडे कापत निघतो. पुढे काय करायचे हे बाकावरून ओरडून सांगावे लागत नाही. पण पाचही जणांना समोरची स्थिती एकसारखी वाचता यावी लागते आणि असे वाचन एका हंगामात येत नाही. खेळाडू आणि प्रशिक्षक दर वर्षी बदलणाऱ्या संघाला ही पद्धत परवडली नसती. ती अलास्काला परवडली याचे श्रेय मी कोन यांच्या इतकेच मालकाच्या संयमाला देतो.

१९९४ आणि १९९५ चे गव्हर्नर्स कप जिंकल्यावर १९९६ मध्ये संघ पूर्ण बहरला. ऑल-फिलिपिनो कपच्या अंतिम फेरीत प्युअरफूड्स, कमिशनर्स कपमध्ये सात सामन्यांपर्यंत ताणलेल्या मालिकेत शेल आणि गव्हर्नर्स कपमध्ये देशातला सर्वांत लाडका संघ जिनेब्रा, अशा तिघांना हरवून अलास्काने ग्रँड स्लॅम पूर्ण केला. त्याआधी हे फक्त क्रिस्पाने (१९७६ आणि १९८३) आणि सॅन मिगेलने (१९८९) केले होते. अबारिएन्तोस त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९८ मध्ये पहिल्या दोन स्पर्धा जिंकून संघ पुन्हा त्याच वाटेवर होता; पण त्या वर्षी बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी कोन यांच्याकडे राष्ट्रीय संघाची जबाबदारी होती आणि अलास्काचे काही प्रमुख खेळाडूही तिकडे होते. राष्ट्रीय संघाने कांस्यपदक आणले. अलास्काला तिसरी स्पर्धा जिंकता आली नाही. स्वतःच्या संघाचा दुसरा ग्रँड स्लॅम पणाला लावून प्रशिक्षक आणि खेळाडू देशाला देणे हा निर्णय मालकाच्या वृत्तीबद्दल बरेच सांगतो, आणि तो विजेतेपदांच्या यादीत कुठेच दिसत नाही.

पुढचा दशकभराचा काळ थोडक्यात उरकतो. २००० चे ऑल-फिलिपिनो, २००३ ची इन्व्हिटेशनल, २००७ आणि २०१० ची फिएस्टा कॉन्फरन्स अशी विजेतेपदे येत राहिली, पण नव्वदच्या दशकातले वर्चस्व राहिले नाही.

तोवर लीगचा नकाशा बदलला होता. सॅन मिगेल उद्योगसमूहाकडे सॅन मिगेल बीअरमेन आणि जिनेब्रा हे संघ होतेच. २००१ मध्ये प्युअरफूड्स कंपनी घेतल्यावर तिसरा संघही आला. दुसरीकडे मॅन्युएल पांगिलिनन यांच्या दूरसंचार, वीज आणि महामार्ग कंपन्यांच्या समूहाकडे टॉक ’एन टेक्स्ट होताच. २०१० मध्ये सांता लुसिया रिअल्टीची जागा मेराल्कोने आणि २०१४ मध्ये एअर२१ ची जागा एनएलईएक्सने घेतल्यावर तेथेही तीन संघ झाले. बारा संघांच्या लीगमध्ये सहा संघ दोन समूहांचे! कागदावर सगळ्यांना वेतनमर्यादा सारखीच. पण तीन संघ असणाऱ्या समूहाला खेळाडूंची देवाणघेवाण, ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, हक्कांची अदलाबदल आणि संचालक मंडळातली मते या तिन्ही बाबतींत जी मोकळीक मिळते, ती एकट्या संघाला मिळत नाही. २०१७ मध्ये ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाचा हक्क किआ या दुबळ्या संघाने राखीव खेळाडूंच्या बदल्यात सॅन मिगेलला दिला आणि लीगच्या कमिशनरांनी त्या सौद्याला मंजुरी दिली, तेव्हा बारांपैकी सात संघांनी कमिशनर चितो नारवासा यांच्यावरचा विश्वास उडाल्याचे जाहीर केले. त्या सात जणांत अलास्का होता. नारवासा पायउतार झाले, पण सौदा कायम राहिला आणि ख्रिश्चन स्टँडहार्डिंगर सॅन मिगेलकडेच गेला.

मैदानावर याचा परिणाम काय झाला हे अलास्काच्या शेवटच्या दशकातून दिसते. २०११ मध्ये कोन सॅन मिगेल समूहाच्या संघाकडे गेले. लुईजी ट्रिलो यांच्या हाताखाली आणि रॉबर्ट डोझियर या इम्पोर्टच्या बळावर २०१३ चा कमिशनर्स कप मिळाला, तोच चौदावा आणि अखेरचा. त्यानंतर ॲलेक्स कॉम्प्टन यांच्या प्रशिक्षणाखाली संघ पाच वेळा अंतिम फेरीत गेला आणि पाचही वेळा हरला. त्यांपैकी तीन पराभव सॅन मिगेल बीअरमेनकडून आणि एक त्याच समूहाच्या मॅग्नोलियाकडून (२०१८). पाचवा रेन ऑर शाइनकडून (२०१६), जो अलास्कासारखाच एकटा संघ होता. हा पाचवा पराभव लक्षात ठेवला पाहिजे, कारण सगळा दोष दोन समूहांच्या माथी मारला की प्रकरण सोपे होते आणि चुकते.

२०१६ चा फिलिपाइन कप मात्र वेगळा मांडायला हवा. सात सामन्यांच्या मालिकेत अलास्का सॅन मिगेलविरुद्ध ३-० ने पुढे होता. सॅन मिगेलचा सहा फूट दहा इंचांचा सेंटर जून मार फहार्दो उपांत्य फेरीत गुडघा दुखावल्याने बाहेर बसलेला होता आणि पीबीएच्या चाळीस वर्षांच्या इतिहासात ०-३ वरून कोणीही मालिका जिंकली नव्हती. चौथा सामना जादा वेळेत गेला आणि सॅन मिगेलने घेतला. पाचव्या सामन्यात फहार्दो बाकावरून उठून मैदानात आला. सभागृहातला आवाज तिथून बदलला, असे त्या मालिकेचे चित्रीकरण आजही पाहिले तरी जाणवते. सहावा सामना गेला आणि सातव्या सामन्यात सॅन मिगेल ९६-८९ ने जिंकला. बिअर आणि ‘मिरॅकल’ जोडून त्या पुनरागमनाला लोकांनी ‘बीराकल’ नाव दिले. विजेत्याच्या उत्पादनाची जाहिरात आपसूक झाली ती वेगळीच. अलास्काच्या वाट्याला नुसते उलटे प्रमाणपत्र आले : ३-० ची आघाडी गमावणारा पहिला संघ. काल्विन अबुएवासारखे त्या मालिकेतले खेळाडू पुढच्या काही वर्षांत एकेक करून दुसऱ्या संघांकडे गेले आणि अलास्का हळूहळू तरुण, मेहनती, पण मधल्या फळीतला संघ झाला.

मैदानाबाहेर याहून महत्त्वाचा बदल आधीच होऊन गेला होता. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रीजलँडकाम्पिना या दुग्धसहकारी समूहाने अलास्का मिल्क कॉर्पोरेशनची बहुसंख्य मालकी घेतली. उयतेंगसू कंपनीचे प्रमुख म्हणून राहिले आणि बास्केटबॉलचे कामही तेच पाहत राहिले, त्यामुळे प्रेक्षकाला काहीच बदललेले दिसले नाही. पण कौटुंबिक कंपनीत संघावर होणारा खर्च हा मालकाने घ्यायचा निर्णय असतो. बहुराष्ट्रीय समूहात तो विपणनाच्या तक्त्यातली एक ओळ होतो आणि त्या ओळीला दर वर्षी उत्तर द्यावे लागते. दुधाचा डबा विकण्यासाठी १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवरचा बास्केटबॉल संघ हे बिनतोड साधन होते. २०२० नंतर, मुले फोनवर खेळ पाहू लागल्यावर आणि साथीमुळे पीबीएला एक अख्खी स्पर्धा क्लार्क येथे प्रेक्षकांविना उरकावी लागल्यावर, तेच साधन महाग दिसू लागले असेल तर नवल नाही. जिनेब्राची गोष्ट वेगळी आहे. त्या संघासाठी लोक सभागृह भरतात, मग तो हरत असला तरी. अलास्काला आदर होता, निष्ठावान प्रेक्षकही होते. पण देशभर उसळणारा जनसमुदाय त्याच्यामागे कधीच नव्हता.

निर्णय चुकला का, या प्रश्नाचे उत्तर मी दोन भागांत देईन. कंपनी म्हणून तो चुकला असे म्हणता येत नाही. विजेतेपद मिळवून नऊ वर्षे झाली होती, लीगची रचना एकट्या संघाच्या विरोधात झुकलेली होती आणि ब्रँडला आता त्या ओळखीची गरज उरली नव्हती. संघाचे वाटोळे होईपर्यंत तो रखडत ठेवण्यापेक्षा हंगाम पूर्ण करून, खेळाडूंचे करार नव्या मालकाकडे सोपवून जागा सोडणे हे सभ्यपणाचे होते. लीग म्हणून मात्र पीबीएने काय गमावले हे कोणत्या ताळेबंदात येणार? संचालक मंडळात दोन्ही समूहांच्या बाहेरून, इतिहासाच्या बळावर ठाम बोलू शकणारा जो जुना आवाज होता, तो गेला. ती जागा घेणारी कंपनी कितीही पैसेवाली असली, तरी ती पहिल्या दिवशी नवखीच असते.

अखेरच्या पर्वाचा प्रशिक्षक जेफ्री कारियासो होता. १९९५ मध्ये अलास्काकडून खेळताना त्याने वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला होता आणि पुढच्या वर्षीच्या ग्रँड स्लॅम संघातही तो होता. कारकिर्दीत मध्ये दुसरीकडे जाऊन तो परतला होता आणि २०१९ नंतर बाकावर उभा राहून त्याच संघाला शिकवत होता. निरोपाची घोषणा झाल्यावरही संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली, हे त्याचे शेवटचे काम. १९ मार्च २०२२ रोजी एनएलईएक्सकडून हरून अलास्का स्पर्धेबाहेर पडला आणि त्या दिवसानंतर या नावाचा संघ पीबीएमध्ये खेळलेला नाही. नव्या मालकांनी संघाचे नाव कन्व्हर्ज फायबरएक्सर्स ठेवले. खेळाडू बहुतांशी तेच राहिले, कारियासो मात्र पुढची स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच प्रशिक्षकपदावरून दूर झाला. १४ विजेतेपदे अलास्काच्याच नावावर राहिली आणि फायबरएक्सर्सच्या खात्यात पहिला आकडा शून्य पडला.

अलास्का ज्या गव्हर्नर्स कपमध्ये शेवटचा खेळला, तो एप्रिल २०२२ मध्ये मेराल्कोला हरवून जिनेब्राने जिंकला. जिनेब्राच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक म्हणून टिम कोन उभे होते.